सातारा ते नगर: सेंच्युरियनचा रंग शोधताना

माझ्या टेबलावर गेले आठ महिने १/१६ मापाचा सेंच्युरियन रणगाडा, म्हणजे त्याचं मॉडेल, उभा आहे. नळीसकट लांबी ६१ सेंटिमीटर, रुंदी २१. एवढ्या मोठ्या मापात चूक लपत नाही. खऱ्या रणगाड्यावर १६ मिलिमीटर रुंद असलेला वेल्डिंगचा पट्टा इथे १ मिलिमीटरचा होतो आणि तो सरळ डोळ्यांत भरतो. मला करायचाय डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात, बसंतरच्या लढाईतला, भारतीय सैन्याच्या पूना हॉर्स रेजिमेंटचा रणगाडा. फोटो बघून बघून हिरव्याच्या सात छटा झाल्या, एकही पटेना. मग ठरवलं, खरे रणगाडे बघायला नगरच्या संग्रहालयात जायचं.

साताऱ्याहून पहाटे निघालो. वाठार, लोणंद, फलटण, बारामती, दौंड असा रस्ता धरला. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. पुण्यावरूनही जाता येतं, पण तिथल्या गर्दीत सकाळ वाया जाते आणि आपल्याला हवा असतो सकाळचाच उजेड. सोबत अपशिंगे मिलिटरीचे निवृत्त दफेदार होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांची नोकरी विजयंता रणगाड्यावर झालेली.

रणगाडा संग्रहालय फराहबागेजवळ आहे, १९९४ साली सुरू झालेलं. सेंच्युरियन, विजयंता, शर्मन, १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, अगदी रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडीसुद्धा इथे आहे. बसंतरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणाऱ्या अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियनही नगरमध्येच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. या खेपेला तो बघायला मिळाला नाही, याची रुखरुख लागून राहिली.

मी घरून आइसक्रीमच्या काड्या रंगवून नेल्या होत्या. प्रत्येक काडीवर एक छटा आणि मागे मिश्रणाचं प्रमाण. पहिली काडी सेंच्युरियनसमोर धरली तेव्हा नाना म्हणाले, “अरे, हा रंग लढाईतला नव्हं. उघड्यावर उभ्या गाडीला रंग देतच राहावं लागतं. बोल्ट बघ की.” बोल्टांच्या कडा रंगाच्या थरांखाली गोल झाल्या होत्या. तिथेच माझा सगळा बेत बदलला. संग्रहालयातला वरचा रंग पुरावा म्हणून धरू नका. तिथे जायचं ते पोलादाचा पृष्ठभाग, जोड आणि झीज बघायला.

आणि ते बघण्यासारखं आहेच. सेंच्युरियनच्या टरेटच्या, म्हणजे नळी बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या, बाजू ओतीव आहेत, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत. वरचं छप्पर मात्र वेल्ड केलेलं. खालचं धड लाटलेल्या पत्र्यांचं, म्हणजे सपाट. मी पुढच्या तिरक्या पत्र्यालाही हौसेने ओतीव पोत दिला होता, तो परत आल्यावर घासून काढला. शेजारी विजयंता बघितला की फरक पक्का लक्षात राहतो, कारण तो सगळाच वेल्ड केलेला. पॅटनवाल्यांनी वरच्या आधाराच्या चाकांचे फोटो घ्यावेत: एम-४७ ला ती तीन असतात, एम-४८ च्या सुरुवातीच्या गाड्यांना पाच. मॉडेलच्या खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका.

ओतीव पोतासाठी पातळ पुटी लावून ती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने टोचायची. वेल्डिंगसाठी एम-सीलची बारीक वळी करून ती टूथपिकने दाबत जायची. सुकल्यावर नखाने चाचपून बघा. हाताला टोचलं तर जास्त झालंय.

रंगाचं शेवटी असं केलं. औद्योगिक रंगांच्या दुकानात आयएस ५ च्या, म्हणजे भारतीय मानकातल्या रंगांच्या, शेडकार्डवर ऑलिव्ह ग्रीन २२० मिळतो, त्यापासून सुरुवात केली. तोच बसंतरचा रंग आहे असा माझा दावा नाही, पण तुलना करायला एक ठाम खूण मिळते. छोट्या वस्तूवर रंग गडद दिसतो म्हणून त्यात किंचित फिकट पिवळसर मिसळला. १/३५ मापाच्या छोट्या मॉडेलला जेवढा फिका करतो तेवढा १/१६ ला करायचा नाही. जुन्या रंगीत फोटोंवर तर अजिबात भरवसा ठेवू नये, फिल्मचे रंग वर्षांनुवर्षं उतरतात. खुणा आणि आकडे कुठे होते हे मात्र कृष्णधवल फोटोंवरून नीट कळतं.

चिखलाबद्दल मला मनापासून सांगायचंय. मी महाबळेश्वरची तांबडी माती चाळून लावली होती. दिसायला सुंदर, पण बसंतरची लढाई झाली त्या शकरगडच्या भागात ती कुठून येणार? तिथली जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकट करडी-तपकिरी. कृष्णाकाठची काळी मातीही चालणार नाही. सगळं धुऊन पुन्हा केलं.

जाणाऱ्यांनी फोटो काढण्याबद्दल गेटवर आधी विचारावं. परवानगी मिळाली तर प्रत्येक फोटोत पांढरा कागद आणि पट्टी ठेवा. रंगाचा तोल आणि माप दोन्ही नंतर काढता येतात. गाडीवर चढू नका. पाणी, टोपी आणि गुडघ्यावर बसायला गोणपाट न्या, कारण चाकांमागचे भाग खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात लॅकर फवारू नका, दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते. मी दिवाळीपर्यंत थांबलो.

गेल्या रविवारी नाना घरी आले. मॉडेल बराच वेळ न्याहाळून त्यांनी डाव्या मडगार्डवर बोट ठेवलं. “चढताना बूट इथंच पडतो रोज. इथला रंग घासलेला पाहिजे.” आज संध्याकाळी तेवढंच करायचं बाकी आहे.