निजलेला फोन हाकेला उठेना: सस्पेंडची नोंद, भाग ४

या फोनच्या कॅमेऱ्याचं काम अर्धवट ठेवलंय, त्याबद्दल विचारू नका. मधल्या काळात हा जुना फोन मेनलाइन कर्नलवर (म्हणजे लिनक्सच्या मूळ, अधिकृत गाभ्यावर) रोजच्या वापराला घेतला आणि पहिल्याच दिवशी कळलं की पडदा बंद होणं म्हणजे झोपणं नव्हे. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी, फोन नुसता खिशात पडून, आणि संध्याकाळी ठणठणाट.

मोजायची सोय आधी केली. बॅटरी काढून टेबलावरच्या पॉवर सप्लायमधून ३.८ व्होल्ट दिले आणि मध्ये मीटर घातला. फोनला बॅटरी हवीच असते, म्हणून तापमानाच्या पिनेवर १० किलोओहमचा रोध लावून त्याची समजूत घातली. पडदा बंद, बाकी सगळं चालू: २१० मिलिअँपिअर. बॅटरी ३००० मिलिअँपिअर-तासांची. म्हणजे चौदा तास, संध्याकाळचं गणित जुळलं.

मग सस्पेंड, म्हणजे फोनला खरंच निजवणं. सिसएफएसमधली (कर्नलच्या सेटिंग जिथे फाइलींसारख्या दिसतात त्या फोल्डरातली) मेम-स्लीप फाइल उघडली तर आत एकच पर्याय: एस-टू-आयडल. 'डीप', म्हणजे रॅम तेवढी जागी ठेवून जवळपास सगळं बंद करणारी झोप, नाही. एआरएम प्रोसेसरवर खरंखुरं सस्पेंड-टू-रॅम व्हायचं तर फर्मवेअरमध्ये पीएससीआयचं (कर्नलनं फर्मवेअरकडे वीज चालू-बंद करायला सांगायच्या ठरलेल्या पद्धतीचं) सिस्टम-सस्पेंड हे आवाहन असावं लागतं. या फोनच्या फर्मवेअरमध्ये ते नाही, आणि सही केलेलं फर्मवेअर आपल्याला बदलता येत नाही. (पाइनफोनवाल्यांचा इथे हेवा वाटतो. त्यांच्या ऑलविनर ए६४ चिपमध्ये एक छोटा वेगळा प्रोसेसर आहे. त्यावर क्रस्ट नावाचं मुक्त फर्मवेअर चालतं आणि मुख्य कोअर बंद असताना तेच पहारा देतं.) आपल्या नशिबी एस-टू-आयडल: प्रोसेस गोठवायच्या, उपकरणं निजवायची आणि कोअरना जमेल तितक्या खोल आयडलमध्ये सोडायचं.

स्टेट फाइलमध्ये 'मेम' लिहिलं, फोन गप्प झाला, मीटरवर ९५. झोपेचं सोंग! डिव्हाइस ट्रीमध्ये (फोनमध्ये कुठलं हार्डवेअर कसं जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) आयडल-स्टेट्सच लिहिलेल्या नव्हत्या, त्यामुळे कोअर फक्त 'इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) वाट बघ' या सूचनेवर थांबत होते. वीज कुणाचीच तुटत नव्हती. कोअर आणि क्लस्टर बंद करणाऱ्या स्टेट्स घातल्या, ४१ वर आलो. उरलेल्यातला मोठा वाटा टच पॅनलच्या रेग्युलेटरचा (त्याला वीज पुरवणाऱ्या भागाचा) निघाला. जुन्या फाइलमधून उचलताना त्याला 'ऑलवेज-ऑन' चिकटलेलं मीच तसंच ठेवलं होतं. ते काढलं, ड्रायव्हरच्या सस्पेंडमध्ये पुरवठा तोडला, आणि मीटर १८ वर स्थिरावला. कागदावर १६६ तास. खूश होऊन झोपलो.

फोन मात्र झोपला नाही. लॉग पाहिला तर रात्रभर दर दोन-तीन सेकंदांनी उठबस. मोजताना फोन तारांना जोडलेला होता तेव्हा हे झालं नव्हतं, खरी बॅटरी घातल्यावर सुरू झालं. इथे दोन फाइली उपयोगी पडतात. सिसएफएसच्या पॉवर फोल्डरातली पीएम-वेकअप-आयआरक्यू ही शेवटी कुठल्या इंटरप्टनं उठवलं त्याचा नंबर देते. डीबगएफएस या तपासणीच्या फोल्डरातली वेकअप-सोर्सेस कोण किती वेळा जागं झालं, किती वेळ जागं ठेवलं याचा तक्ता देते. दोन्हींनी एकाच दिशेला बोट दाखवलं: फ्युएल गेज, म्हणजे बॅटरीत किती उरलंय ते मोजणारी चिप.

सोपा उपाय समोर होता. त्या उपकरणाच्या पॉवर फोल्डरात वेकअप फाइलमध्ये 'डिसेबल्ड' लिहायचं, विषय संपला. बरेच जण तेच करतात, आणि मला ते पटत नाही. बॅटरी तळाला गेली की उठवण्याचा हक्क त्या चिपला हवाच, नाहीतर फोन झोपेतच मरतो आणि फाइलसिस्टमही बरोबर नेतो. जागेपणी ही चिप तासन्‌तास शांत असते, मग झोपेतच का बडबडते? दोन संध्याकाळी ड्रायव्हर वाचण्यात घालवल्या. ड्रायव्हर निर्दोष होता. दोष पिनकंट्रोलमध्ये (चिपच्या पिना कशा ठेवायच्या त्या नोंदीत) सापडला: 'डीफॉल्ट' अवस्थेत इंटरप्टच्या पिनेला पुल-अप (तार वरच्या पातळीला ओढून धरणारा रोध) होता, 'स्लीप' अवस्थेत मात्र हे ओढून धरणं, म्हणजे बायस, बंद. दुसऱ्या पिनेवरून नक्कल करताना मीच आणलेली ओळ. म्हणजे सस्पेंड होताच ती तार अधांतरी लोंबकळायची आणि जराशा गोंगाटाला इंटरप्ट समजायची. एका ओळीची दुरुस्ती. त्या रात्री फोन सलग पाच तास निजला.

आता उठवण्याची बाजू. मोडेमची रिंगची तार जीपीआयओवर (प्रोसेसरच्या एका साध्या पिनेवर) येते. तिला जीपीआयओ-कीज्‌मध्ये घालून 'वेकअप-सोर्स' हा गुणधर्म दिला की कॉल आल्यावर फोन उठतो. वीस कॉल करून पाहिले, अठरा वाजले. दोन कुठे गेले?

या प्रश्नानं मला खरं शिकवलं. माझी स्क्रिप्ट साधी होती: पडदा बंद, कुणी काम करत नाही असं बघ, 'मेम' लिही. पण 'बघ' आणि 'लिही' यांच्या मधल्या क्षणात कॉल आला तर? इंटरप्ट येऊन गेलेला असतो, कर्नल त्याची नोंद घेऊन मोकळं होतं आणि मग स्क्रिप्ट बिनदिक्कत फोन निजवते. यासाठीच २०१० मध्ये २.६.३६ कर्नलपासून वेकअप-काउंट नावाची फाइल आहे. तिच्यातला आकडा वाचायचा, मग आपली तपासणी करायची, आणि तोच आकडा परत लिहायचा. मध्ये काही घडलं असेल तर लिहिणं फसतं, आणि आपण झोपायचं रद्द करतो. लिहिणं जमल्यावर, पण झोप लागायच्या आत काही आलं, तर कर्नल स्वतःच सस्पेंड मोडतं. शिवाय एखादी घटना हाताळणं चालू असेल तर ही फाइल वाचतानाच आपण थांबून राहतो.

एक कॉल या मार्गानं सापडला. दुसरा वेगळाच होता: फोन उठला होता, पण मोडेमचा निरोप वाचणाऱ्या प्रोसेसला पाळी मिळायच्या आत स्क्रिप्टनं पुन्हा निजवला. अँड्रॉइडनं वेकलॉक (काम होईपर्यंत 'झोपू नकोस' म्हणून धरायचं कुलूप) आणले ते नेमकं याच पोकळीसाठी. २००९-१० मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये घ्यावेत की नाही यावर भरपूर वाद झाले. शेवटी २०१२ च्या ३.५ आवृत्तीत ऑटोस्लीप (कुणी अडवत नसेल तर कर्नलनं आपणहून झोपणं), वेक-लॉक फाइल आणि ईपोलवेकअप हे तिन्ही आले. मी ईपोलवेकअप घेतलं: घटना रांगेत पडल्यापासून प्रोसेस पुढच्या वेळी ईपोलपाशी (घटनेची वाट बघत थांबायच्या कर्नलच्या सोयीपाशी) परत येईपर्यंत कर्नल झोपत नाही. आपण काही धरायचं-सोडायचं नाही, त्यामुळे सोडायचं विसरलो ही भानगडच नाही. प्रोसेसला ब्लॉक-सस्पेंडची परवानगी तेवढी द्या. नसेल तर ईपोलवेकअपचा झेंडा (फ्लॅग) गुपचूप गाळला जातो, एररही येत नाही. यात माझा अर्धा दिवस गेला.

नंतर वीसपैकी वीस.

गजराचं थोडक्यात. तीस मिनिटांचा टायमर लावला, तो फोन जितका वेळ झोपला बरोबर तितकाच उशिरा वाजला. मोनोटॉनिक घड्याळ सस्पेंडमध्ये थांबतं, बूटटाइम थांबत नाही, आणि उठवायचंही असेल तर बूटटाइम-अलार्म हवा; तोच आरटीसीत (झोपेतही चालू राहणाऱ्या घड्याळाच्या चिपमध्ये) वेळ भरून ठेवतो. गजराला दोन सेकंदांपेक्षा कमी उरले असतील तर कर्नल झोपायलाच नकार देतं, तेव्हा लॉगमध्ये 'डिव्हाइस बिझी' दिसलं तर घाबरू नका.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी: थेट 'मेम' लिहू नका. आधी पीएम-टेस्ट फाइलमध्ये 'फ्रीझर' लिहा आणि मगच 'मेम'; पुढच्या खेपेला तसंच 'डिव्हाइसेस' लिहून पाहा. फोन तेवढ्याच पायरीपर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो, त्यामुळे कुठे अडकतं ते कळतं. कमांड लाइनला 'नो-कन्सोल-सस्पेंड' द्या, म्हणजे सीरियलवर शेवटपर्यंत लॉग येत राहतो.

बाकी राहिलंय ते मेसेजचं ॲप. ते दर मिनिटाला सर्व्हर गाठायला फोन उठवतं, आणि १८ चा आकडा सरासरीत ४० वर जातो. अँड्रॉइडनं २०१५ मध्ये ६.० आवृत्तीत डोझ आणून सगळ्या ॲपना ठरावीक खिडकीतच एकत्र उठायला लावलं. तसलं काही आपल्याकडे टायमर एकमेकांना चिकटवून करता येईल का ते बघतोय. आणि उठायला लागणाऱ्या १.४ सेकंदांपैकी ०.९ अजून टच पॅनलच खातं.