चॉकलेटी कल्ला

सकाळी साडेसहाला भोरकडून फोन. "मॅडम, मासं वर आल्यात. नुसती तोंडं वासत्यात."

शेततळ्यातले रोहू-कटला पहाटे वर आले की आमचं उत्तर ठरलेलं: ऑक्सिजन कमी झालाय, पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर लावा. "रातभर चालूच हाय," काका म्हणाले. मग मात्र मी गाडी काढली.

काठाला चाळीसेक मासे उलटे पडले होते. मीटर सोडला तर लिटरला ६ मिलिग्राम ऑक्सिजन! मीटरच बिघडला असणार म्हणून पुसून पुन्हा सोडला. तेवढाच.

तसं पाणी मुळात कंजूषच. लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्राम ऑक्सिजन असतो, पाण्यात जेमतेम ८. तरी माशाचं भागतं, कारण कल्ल्याच्या पापुद्र्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. पाण्यातला ऑक्सिजन पुढे पुढे कमी होतो, पण तिथे भेटणाऱ्या रक्तात तो त्याहून कमी असतो. म्हणून देवाणघेवाण शेवटपर्यंत थांबत नाही. काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असा काढून घेतात. आपली फुप्फुसं पाव हिश्श्यावर खूश.

मग सहा मिलिग्रामात हे का गुदमरतायत?

अर्धमेला रोहू उचलला आणि बाजारात ताजेपणा बघतात तसा कल्ला उघडला. लालभडक हवा, तो चॉकलेटी. पाणी तपासायचं किट काढलं. नायट्राइट, लिटरला २ मिलिग्राम.

तळं प्लास्टिक कागदाचं, पाणी सगळं पावसाचं. कल्ल्यातल्या काही पेशी पाण्यातून क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, आत ओढतात. नायट्राइटही त्याच दाराने घुसतं आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरता येत नाही. पावसाच्या पाण्यात क्लोराइड नावालाच, त्यामुळे दाराशी गर्दीच नाही. आणि खाद्य? "वाढ व्हावी म्हणून जरा जास्त टाकलं," काका तळ्याकडे बघत म्हणाले. न खाल्लेलं तळाशी कुजत होतं, नायट्राइट त्यातूनच आलं.

"खाद्य बंद. आणि खडेमीठ आणा, दोन गोण्या."

"मीठ? आन् औषध?"

हेच औषध, हे पटवण्यात अर्धा तास गेला. अर्ध्या एकराच्या दीड मीटर पाण्यात १०० किलो मीठ म्हणजे चवही लागणार नाही, पण दाराशी क्लोराइडची झुंबड उडते.

तिसऱ्या दिवशी काकांनी फोटो पाठवला. त्यात अंगठाच जास्त दिसत होता, मागे जरासा कल्ला. लाल होता.