कोणती घरघर जात्याची?

आपल्या गंगाखेडच्या शाळेच्या ध्वनिक्षेपकाला उन्हाळ्यात हमखास एक खोड जडायची. १ मेच्या झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी तो चालू केला, की कर्ण्यातून सारखी ‘हूंऽऽ’ अशी घरघर निघायची. मी नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी मला जवळ बोलावलं.

“कुठून येतंय हे?”

“कर्ण्यातून, सर.”

“कर्ण्यातून बाहेर पडायलंय. येतंय कुठून?”

सरांनी माईकची वायर काढली, तरी घरघर चालूच. मग ते मला प्रयोगशाळेच्या मागं घेऊन गेले. तिथं अर्थिंगचा खड्डा होता. खाली मीठ-कोळसा भरलेला, वर आपली काळी माती, एप्रिलच्या उन्हानं पार भेगाळलेली. सरांनी त्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. थोड्या वेळानं आत आलो तर घरघर जवळजवळ गेलेली. ओली माती वीज जिरवते, वाळलेली जिरवत नाही. हा धडा पुस्तकात असेलही, मला तो बादली उचलताना मिळाला.

त्याच वर्षी, १९८७ साली, सरांनी आणखी एक काम काढलं. “जनाबाईच्या गावात राहतो आपण, आणि जात्यावरच्या ओव्या कुणी लिहून ठेवीना,” असं म्हणून त्यांनी आमच्या आज्यांना गाठलं. शाळेचा टेपरेकॉर्डर घेऊन गंगाखेडात घरोघर फिरले. ६० मिनिटांची एक कॅसेट भरली. त्यात अकरा बायका आहेत. माझी आजीही त्यात आहे. ती गात असताना सरांनी मला पंखा बंद करायला सांगितलं होतं, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं.

सर गेले. २००४ मध्ये काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ती कॅसेट माझ्या हाती दिली. घरी नुकताच संगणक घेतला होता. ओव्या त्यात उतरवून घ्याव्यात म्हणून टेपरेकॉर्डर साऊंड कार्डाच्या (संगणकातला आवाज सांभाळणारी पाटी) लाईन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला, जोडला, आणि हेडफोन लावला तर कर्ण्यातली तीच घरघर! जात्याचीही घरघर, यंत्राचीही घरघर. कोणती कोणाची, ते कळेना. त्यात वरून सूंऽऽ, आणि माऊस हलवला की ‘झिर्र झिर्र’.

इथं मी मोठी चूक केली. सरांनी विचारलं असतं तो प्रश्न विचारलाच नाही. ऐकून होतो, की कार्डावरचा आवाज वाढवणारा आठ पायांचा आयसी, म्हणजे ऑपअँप, बदलला की आवाज सुधारतो. माझ्या कार्डावर ४५५८ क्रमांकाचा होता, स्वस्त आणि सगळीकडे सापडणारा. हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीतून ५५३२ आणले. त्याची स्वतःची खरखर ४५५८ पेक्षा कमी, आणि वेग, म्हणजे एका मायक्रोसेकंदात व्होल्टेज किती चढू शकतं ते, सुमारे ९ व्होल्ट. ४५५८ चं साधारण १ व्होल्ट. दोघांचे पाय एकसारखे, म्हणून अदलाबदल सोपी वाटली. पण जाड टोकाच्या सोल्डर गननं जुना आयसी ओढताना कार्डावरची तांब्याची पट्टीच उखडली आणि कार्ड गेलं. महिन्याच्या पगारातला चांगला भाग त्यात गेला, आणि कॅसेट होती तिथंच राहिली.

दुसरं कार्ड आणलं तेव्हा आधी वहीत चार आवाज लिहिले आणि प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह केलं. एका वेळी एकच बदल करायचा, असं ठरवलं. भारनियमनामुळं काम बहुधा रात्रीच व्हायचं. गाव निजलेलं, त्यामुळं ऐकायलाही तीच वेळ बरी.

घरघरीचा उलगडा सेलनं झाला. टेपरेकॉर्डर भिंतीतल्या विजेऐवजी सेलवर चालवला आणि घरघर नाहीशी झाली. म्हणजे दोष कार्डात नव्हताच. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गाळणीचे छोटे कपॅसिटर असतात, आणि अर्थिंग धड नसेल तर त्यांच्यामुळं संगणकाच्या लोखंडी डब्यावर विजेचा दाब राहतो. हात लावला की मुंग्या येतात, त्या याच. टेपरेकॉर्डरही विजेवर असला, की हा गळका प्रवाह आवाजाच्या वायरीतून वाट काढतो आणि ५० हर्ट्झची घरघर ओव्यांत मिसळतो. परसातला आमचा अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर कोरडा ठाक! बादल्या मीच ओतल्या. पुढं खड्डा उकरून मीठ-कोळसाही नव्यानं भरला.

माऊसची झिर्र कार्डाला मिळणाऱ्या विजेतून येत होती. संगणकातली आकडेमोड सतत प्रवाह ओढते-सोडते, त्याची थरथर ऑपअँपपर्यंत पोचते. कार्ड ग्राफिक कार्डापासून सर्वांत लांबच्या खाचेत सरकवलं. मग ऑपअँपच्या आठव्या आणि चौथ्या पायाशी, म्हणजे वीज शिरते तिथं, ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, पट्टीला जोडून लावले. (परभणीचे रेडिओ मेकॅनिक कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणतात, माझ्याही तोंडी तोच शब्द बसलाय.) झिर्र इतकी खाली गेली की शोधावी लागे. एवढं झाल्यावरच ५५३२ ला हात लावला. आधी मल्टिमीटरनं त्या दोन पायांवर प्लस-मायनस १२ व्होल्ट आहेत ना, ते पाहिलं, कारण अगदी कमी व्होल्टेजवर तो नीट चालत नाही. या वेळी बारीक टोकाचं आयर्न वापरलं आणि एकेक पाय कापून काढला. असा वेगवान आयसी जवळ कंडेन्सर नसला तर कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनात शिरू शकतो आणि तापतो. माझा गार राहिला.

पट्ट्यांचा माग काढला तेव्हा कळलं, की हा ऑपअँप बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. रेकॉर्डिंग दुसऱ्याच वाटेनं थेट कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या आयसीत, जातं. म्हणजे ५५३२ नं उतरवलेल्या ओव्यांत काही फरक पडणार नव्हता, फक्त मला त्या जास्त स्वच्छ ऐकू येणार होत्या. पण दोष नीट ऐकू आल्याशिवाय तो काढणार कसा? म्हणून त्या बदलाचं मला आजही मोल वाटतं. बाहेरच्या वाटेवर १०० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर होते. ३२ ओहमच्या हेडफोनला ते ५० हर्ट्झच्या आसपासपासूनच खालचे आवाज गाळू लागतात. ४७० चे लावले, ती हद्द साधारण १० हर्ट्झपर्यंत खाली आली, आणि जात्याचा खालचा भरीव सूर कानात उतरला.

उरली ‘सूं’. ती बरीचशी टेपची स्वतःचीच होती, तिला कार्ड काय करणार? पण टेपरेकॉर्डरच्या टेप वाचणाऱ्या हेडजवळचा छोटा स्क्रू कानानं ऐकत किंचित फिरवला. हेडची फट टेपशी काटकोनात आली, आणि इतकी वर्षं दबून राहिलेले वरचे सूर मोकळे झाले. त्या रात्री पहिल्यांदा आजीच्या बांगड्या ऐकू आल्या. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा किणकिण. आणि तिच्या दोन ओव्यांच्या मध्ये, अगदी हळू, सरांचा आवाज: “पंखा बंद कर रे.”

सगळी कॅसेट ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नोंदी घेत, उतरवून ठेवली आहे. शाळेच्या या सुवर्णमहोत्सवात तिची प्रत शाळेच्या ग्रंथालयाला देतो आहे. सरांनी कॅसेटच्या कागदावर अकरा नावं लिहिली होती, पण पाणी लागून त्यातली तीन पुसली गेली आहेत. दुसऱ्या बाजूला शेवटी एक म्हातारी गाते. तिला मधेच खोकला येतो, जातं थांबतं, आणि मागून एक लहान मूल “आई, पाणी आणू?” असं विचारतं. त्या वेळच्या मुलामुलींनी ग्रंथालयात येऊन एकदा ऐकावं. कुणाच्या घरातला तो आवाज असेल तर नाव सांगावं, म्हणजे कागदावर लिहिता येईल.