चिपळूणच्या राउटरचा कन्सोल, पुण्यात बसून

रीलोड, म्हणजे रीस्टार्ट, दिला आणि राउटर उत्तर देतोय का ते बघायला पिंग लावून बसलो. सिस्कोचा १८४१ राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. दहा मिनिटं झाली तरी चिपळूणच्या गोदामातला राउटर काही उठेना.

काम तसं छोटंच होतं. आधी कुणीतरी पासवर्ड रिकव्हरी करून कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटरने कसं उठायचं ते ठरवणारा आकडा) २१४२ वरच सोडलं होतं. तसं राहिलं की राउटर उठताना सेव्ह केलेलं कॉन्फिग वाचतच नाही, म्हणजे लाइट जाऊन आली की कोरा राउटर. ते २१०२ करायचं होतं. रीलोडआधी काढलेलं शो व्हर्जन कमांडचं उत्तर विंडोत होतंच. वर सरकवून शेवटची ओळ पाहिली: आत्ता २१४२, पुढच्या रीलोडला २१००. शेवटी दोनच्या जागी मी शून्य दाबलं होतं. शून्य म्हणजे आयओएस, राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम, लोड न करता रॉममॉन या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्राममध्ये थांबायचं, आणि तिथे थांबलेल्या राउटरशी नेटवर्कवरून, नुसत्या टेलनेटने बोलता येत नाही. कन्सोलच लागतो, म्हणजे राउटरच्या अंगावरच्या पोर्टला थेट केबल.

जुलैचा पाऊस, रात्रीचे साडेनऊ. घाट उतरून पोचेपर्यंत पहाट झाली असती. त्याच रॅकमधला दुसरा राउटर बॅकअप लिंकवर चालू होता, पण त्या लिंकवर सकाळचं बिलिंग निघालं नसतं.

तो दुसरा राउटरच कामाला आला. या राउटरना कन्सोलच्या शेजारी ऑक्स पोर्ट असतो, मुळात मोडेम लावण्यासाठी. त्यातून रोलओव्हर केबल बंद राउटरच्या कन्सोलला गेली, तर चालू राउटरवरून रिव्हर्स टेलनेट करता येतं, म्हणजे त्याच्या ऑक्समधून बंद राउटरच्या कन्सोलवर जाता येतं. लॅबमध्ये हे केलं होतं, साइटवर कधीच नाही.

गोदामात वॉचमन काका होते. त्यांना फोन लावला.

"काका, खालच्या ट्रेमध्ये चपटी, पट्टीसारखी वायर आहे का?"

"आहे साहेब. एका टोकाला रुंद, भोकांची पिन आहे."

"ती नको. दोन्ही टोकांना सारखी, लॅनसारखी पिन असलेली बघा."

मिळाली. पण लॅनची साधी वायर इथे चालत नाही. रोलओव्हरमध्ये पहिली तार समोरच्या आठव्या पिनला, दुसरी सातव्या पिनला, अशी उलटी जाते. म्हणून दोन्ही टोकं शेजारी-शेजारी, खटके एकाच बाजूला ठेवून धरायला सांगितलं. काकांनी बॅटरीच्या उजेडात एकेक रंग वाचला. एकीकडचा क्रम दुसरीकडे बरोबर उलटा. हीच ती. मग खालच्या, चालू राउटरच्या काळ्या पट्टीच्या ऑक्समध्ये एक टोक आणि वरच्याच्या फिकट निळ्या पट्टीच्या कन्सोलमध्ये दुसरं. खटका बसल्याचा आवाज मी फोनवर ऐकला.

चालू राउटरवर शो लाइन पाहिलं. ऑक्सची लाइन १. टेलनेटचा पोर्ट नंबर म्हणजे २००० अधिक लाइनचा नंबर, म्हणून २००१. लाइन ऑक्सवर ट्रान्सपोर्ट इनपुट टेलनेट दिलं, स्पीड ९६०० ठेवला आणि राउटरच्याच लूपबॅक (स्वतःच्या आतल्या) आयपीवर २००१ ला टेलनेट मारलं. कनेक्शन रिफ्यूज्ड.

पुन्हा मारलं, पुन्हा तेच. शो लाइनमध्ये ऑक्सच्या पुढे चांदणी दिसत होती, म्हणजे लाइन कुणीतरी वापरत होतं. पण वापरणार कोण? दोन मिनिटं डोकं चाललं नाही. मग लक्षात आलं, नो एक्झेक द्यायचं राहिलं होतं. ऑक्सवर एक्झेक, म्हणजे लॉगिन घेऊन कमांड ऐकणारा प्रोग्राम, चालू असला की समोरून आलेलं प्रत्येक अक्षर त्याला कुणी लॉगिन करतंय असंच वाटतं. रॉममॉनचा प्रॉम्प्ट तो इनपुट म्हणून घेतो, उत्तरात पासवर्ड विचारतो, ते शब्द रॉममॉनला कमांड वाटतात, तो चूक दाखवतो, आणि हे असंच चालू राहतं. दोन्ही राउटर एकमेकांशी बोलत बसले होते.

नो एक्झेक दिलं, क्लिअर लाइन १ केलं. या वेळी २००१ उघडला. एंटर दाबलं आणि स्क्रीनवर आलं: रॉममॉन ४३. प्रत्येक ओळीला तो आकडा एकाने वाढतो, आणि मी तर अजून एकही कमांड दिली नव्हती.

रजिस्टर बदलायची कमांड दिली, कॉन्फरेग २१०२. हा आकडा मी तीनदा मोठ्याने वाचला. मग रीसेट. आयओएसची इमेज उलगडताना पडणाऱ्या चौकटी खुणांची रांग पुण्यात बसून बघताना काय वाटलं ते सांगता येत नाही. लॉगिन आलं, पिंग आला, शो व्हर्जनमध्ये २१०२ दिसलं. काकांना फोन केला तर ते रॅकपाशीच उभे होते.

निघताना कंट्रोल-शिफ्ट-६ आणि मग एक्स दाबून बाहेर आलो, पण तेवढ्याने सेशन सुटत नाही. डिस्कनेक्टही द्यायचं, नाहीतर लाइन अडून राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा रिफ्यूज्ड.

ती केबल आता तिथेच आहे. उलट दिशेनेही एक लावून घेतली, म्हणजे दोघांपैकी कुणीही पडला तरी दुसरा हाताशी आहे. मात्र २००१ उघडा ठेवणं म्हणजे थेट कन्सोलचं दार उघडं ठेवणं. म्हणून ऑक्सवर लॉगिन आणि ॲक्सेस-क्लास लावला, फक्त आमच्या मॅनेजमेंटच्या आयपींपुरता. कन्सोल रिकामा राहिला की आपोआप लॉगआउट करणारा एक्झेक-टाइमआउटही तपासला, कारण एनेबल (पूर्ण अधिकाराच्या) मोडमध्ये सोडलेला कन्सोल पुढच्या माणसाला पासवर्ड न विचारता तसाच मिळतो.