आमची वाटचाल : हिरवा, पण कोणत्या सालचा?

आमचा धंदा सुरू झाला तो अक्षरांवर. मॉडेल रेल्वेच्या इंजिनांवर आणि डब्यांवर लावायचे आकडे, नावं, बोधचिन्हं आम्ही डीकलच्या, म्हणजे पाण्यात सुटून मॉडेलवर चिकटणाऱ्या पातळ पापुद्र्याच्या, कागदावर छापत होतो. पाण्यात भिजवायचं, सरकवून बसवायचं, एवढंच काम. अडचण छपाईत होती. साधा प्रिंटर कागद पांढराच आहे असं धरून चालतो, त्याला पांढरा रंग छापताच येत नाही. आणि रेल्वेवर बघावं तिकडे पांढरी नाहीतर पिवळी अक्षरं. म्हणून स्क्रीन प्रिंटिंग शिकलो. १:८७ च्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, डब्यावरची तपासणीची तारीख भिंगाशिवाय दिसत नाही, तरी ती वाचता आली पाहिजे हा आमचा हट्ट. तारीख छापायची म्हटल्यावर त्या तारखेला गाडी कशी दिसत होती, हेही शोधणं आलं. तिथून आम्ही रंगात शिरलो.

रंगाच्या बाटल्या गिऱ्हाइकांच्या आग्रहामुळे आल्या. ‘फ्लाइंग स्कॉट्समनचा हिरवा द्या’, म्हणजे ब्रिटनच्या त्या प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाचा, ही तर नेहमीची मागणी. कोणता हिरवा? एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) या कंपनीच्या काळात, ४४७२ क्रमांकावर, हे इंजिन सफरचंदी हिरवं होतं. युद्धात काळं झालं. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३ क्रमांक आला, काही वर्षं निळा रंग लागला, मग ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा. दुहेरी धुराडं बसलं ते १९५९ मध्ये, या गडद हिरव्याच्या काळात. म्हणजे सफरचंदी हिरवा, ४४७२ आणि दुहेरी धुराडं हे त्रिकूट रेल्वेच्या नियमित सेवेत कधी धावलंच नाही. ते दिसलं १९९९ च्या जीर्णोद्धारानंतर, हौशी सहलींच्या गाड्या ओढताना. मात्र आज मॉडेल करणाऱ्या अनेकांनी हे इंजिन पाहिलं ते तसंच. त्यांना चूक म्हणायचा आम्हाला अधिकार नाही. त्यांचं मॉडेल या शतकातलं आहे, इतकंच. फक्त त्यामागे १९३० सालचे डबे जोडू नका, अशी हात जोडून विनंती करतो.

मग ‘जुने फोटो बघून रंग ठरवा की’ असं सुचवणारे भेटतात. जुन्या फोटोंनी आम्हाला जेवढं शिकवलं तेवढंच छळलंय. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक या कृष्णधवल फिल्मला लाल प्रकाश जाणवतच नसे. त्यामुळे लाल इंजिन फोटोत काळं येतं आणि निळं चक्क फिकट दिसतं. त्यात कारखान्यातून नवं निघालेलं इंजिन अधिकृत फोटोसाठी मुद्दाम राखाडी रंगवण्याची पद्धत होती, कारण त्यावर रेघा आणि रिव्हेट उठून दिसत. तो फोटो पाहून कुणी राखाडी मॉडेल केलं, तर ते इंजिन त्याच रूपात गाडी ओढायला कधी रुळावर आलंच नसण्याची शक्यता दाट. कागदावरची नावंही दगा देतात. ब्रिटिश रेल्वे अभियंता विल्यम स्ट्राउडली यांच्या इंजिनांचा रंग ‘इम्प्रूव्हड इंजिन ग्रीन’, आणि प्रत्यक्षात तो सोनेरी पिवळा!

जर्मन गाड्यांनी आमचं काम हलकं केलं. तिथे आरएएल या प्रमाणित रंगमालिकेचे क्रमांक असतात. व्ही २०० वर्गाच्या डिझेल इंजिनाचा लाल म्हणजे ३००४, वाद संपला. तरी १९६८ मध्ये त्याच वर्गाचा क्रमांक २२० झाला, म्हणून बाटली एक असली तरी अक्षरांचे संच दोन ठेवावे लागतात. डेक्कन क्वीनचं उलटं. १९३० मध्ये ती दोन रेकांनिशी सुरू झाली. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. तिचा ‘मूळ रंग’ विचारणाऱ्याला दोन बाटल्या दाखवाव्या लागतात.

हे सगळं पचवल्यावर आम्ही लेबलं बदलली. आता बाटलीवर रेल्वे, कालखंड आणि ‘नवा’ की ‘वापरलेला’ असं लिहिलेलं असतं, कारण व्हार्निश पिवळं पडलं की निळा हिरवट होतो. विक्री काही काळ मंदावली. ज्यांना नुसता ‘हिरवा’ हवा होता ते दुसरीकडे गेले, आणि ते स्वाभाविकच आहे. उरलेले लांबलचक पत्रं लिहितात, फोटो पाठवतात, आमच्याशी भांडतात. आमचा निम्मा संग्रह त्यांच्याच देणगीचा.

रंग जुळवताना दोन गोष्टी सांभाळतो. खऱ्या इंजिनाचा रंग जसाच्या तसा छोट्या मॉडेलवर लावला तर तो जास्त गडद भासतो, म्हणून थोडा उजळ करतो. आणि दिवसाच्या उजेडात जुळलेल्या दोन छटा दिव्याखाली वेगळ्या पडू शकतात, म्हणून तपासणी दोन्हीकडे. डीकल मात्र चकचकीत थरावरच लावा. मॅट रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चांदीसारखी कड उमटते.

सध्या ब्रिटिश रेल्वेच्या मालडब्यांचा संच तयार करतोय. निर्वात ब्रेक असलेला डबा तांबूस तपकिरी, नसलेला राखाडी. शंटिंगवाल्याला लांबूनच कळायचं की ब्रेकचा पाइप जोडायचा की नाही. इंजिनाच्या हिरव्याइतका हा माल खपणार नाही, हे ठाऊक आहे. राखाडीच्या तीन छटा तयार झाल्यात, तपकिरीवर अजून आमचं आमच्यातच एकमत नाही.