'अ' की 'ब': सहाव्या वेल्ड नटने हिच बदलायला लावला

गाडीला ट्रेलर जोडण्यासाठी मागे चॅसिसला बसवायच्या दोन हिचपैकी (आडव्या नळीचा लोखंडी सांगाडा) एक निवडायचा होता. मागच्या नोंदीत कल 'अ'कडे होता. आता 'ब'. दोन्ही क्लास 3 (ओढण्याच्या क्षमतेचा वर्ग), दोन्हींचा रिसीव्हर (बॉल माउंट घुसवायची चौकोनी खोबण) 2 इंची, पिन 5/8 इंच. एकाची नळी गोल, दुसऱ्याची चौकोनी. रेटिंग सारखं असेल तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न. खरा फरक बसवण्यात आहे. 'अ' चॅसिसमधल्या सहा वेल्ड नटांवर, म्हणजे आतून आधीच वेल्ड केलेल्या नटांवर बसतो (एम12, पिच 1.25). 'ब'चे बोल्ट चॅसिसच्या मोठ्या भोकातून आत सोडून तारेने ओढून घ्यावे लागतात, म्हणूनच तो नकोसा वाटत होता.

पाच नट पेनिट्रेटिंग ऑइल आणि नळीच्या ब्रशने साफ झाले. सहाव्यात बोल्ट हाताने दोन आटे जातो आणि अडतो. इथे पान्याने जोर लावला की संपलं: नटाचं वेल्ड तुटतं, नट आत गरगरतो आणि बंद चॅसिसमध्ये त्याला धरायला जागाच नसते. म्हणून आटे साफ करायचं हत्यार, चेसर: अर्धा फेरा पुढे, पाव मागे, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसणे. आधी तपकिरी चिखल आला, तो ठीक. मग चंदेरी कीस दिसू लागला. म्हणजे गंज निघत नाहीये, आटेच कापले जाताहेत. कधीतरी बोल्ट तिरका गेलेला असणार. तिथेच थांबलेलं बरं. पाच बोल्टांवर 'अ' लटकवणं हा पर्याय नाही, रेटिंग सहाही बोल्ट धरून दिलेलं असतं.

'ब'मध्ये आधी चौकोनी स्पेसर आत, मागून बोल्ट. तार लगेच काढू नका. हिच वर उचलताना बोल्ट आत ढकलला गेला तर चुंबकाने शोधत बसावं लागतं. हिच टेकल्यावर एकेक तार काढून नट चढवायचा. सहाही हाताने बसल्यावरच टॉर्क पाना.

टंग वेटही, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचा हिचवर येणारा खालचा भारही मोजला. फळीचं एक टोक विटेवर, तिथून 1 फुटावर कपलरचा (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) भार, आणखी 2 फुटांवर वजनकाटा. फळीचं वजन वजा करून आकडा गुणिले 3. काट्यावर 41, म्हणजे 123 किलो. भरलेला ट्रेलर 900 किलोचा, तेव्हा 10 ते 15 टक्क्यांत बसतं. पण या भाराची गाडीची स्वतःची मर्यादा 100 किलो! हिच कितीही दणकट असो, साखळीतला सगळ्यात लहान आकडा चालतो.

त्यामुळे बॉल माउंटचं (रिसीव्हरमध्ये बसणारा, बॉल धरणारा दांडा) काम मागे पडलं. आधी स्टेपनी ट्रेलरच्या दांड्यावरून काढून त्याच्या एक्सलच्या मागे न्यायची. काट्यावर 32 हवेत, म्हणजे 96 किलो. 30 च्या खाली गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. बॉल मात्र 2 इंचीच घ्यायचा. 50 मिमीचा 0.8 मिमीने लहान, 2 इंची कपलरमध्ये सैल बसतो.