व्याह्यांसाठी जुनी गोल्फ कार्ट

२१ सप्टेंबर

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतो आणि त्याआधी ही जुनी, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट जंगलात नेण्याजोगी करायची, असे जावयांनी आणि मी उन्हाळ्यातच ठरवले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्याह्यांना तांबड्या चिखलाच्या वाटेने मचाणापर्यंत चालवत नाही. ज्या रानात ते आधी वडिलांबरोबर आणि पुढे मुलांबरोबर गेले, त्याच्या कडेला गेल्या हंगामात घराच्या पडवीत बसून त्यांनी इतरांची वाट पाहिली, हे मला फार लागले. पेट्रोलच्या गाडीने तिथवर पोहोचता येते. पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे कान अतिशय तिखट असतात आणि पहाटेच्या शांततेत इंजिनाचा आवाज दूरवर जातो. विजेवर चालणाऱ्या कार्टचा आवाज म्हणजे फक्त टायरखालच्या पाचोळ्याचा.

मी स्वतः शिकारी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्यासारख्यांना शिकार केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ठाऊक होती. इथे ती परवाना, हंगाम आणि ठरलेली मर्यादा यांत बांधलेली कौटुंबिक रीत आहे, आणि लेकीच्या सासरी ती किती मनापासून पाळली जाते हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या वाट्याला यंत्राचे काम आले आणि ते मला आवडते.

गाडी पीचट्री सिटीत मिळाली. अटलांटाच्या दक्षिणेकडील या गावात दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीचे कार्टचे स्वतंत्र रस्ते आहेत, त्यामुळे तिथे वापरलेल्या गाड्यांचा तुटवडा नसतो. आम्ही घेतलेली गाडी क्लब कारची ‘डीएस’ आहे. या कंपनीचे मुख्य ठाणे ऑगस्टाजवळ, म्हणजे याच राज्यात आहे. अनुक्रमांकाच्या पट्टीवर दोन अक्षरांनंतर येणारे पहिले दोन अंक वर्ष सांगतात; आमच्या पट्टीवर ‘०४’ आहे, म्हणजे गाडी २००४ ची. डीएसचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे तो गंजून खाल्ला जात नाही, आणि ओल्या रानात वापरायच्या गाडीसाठी मी हेच पहिले पाहिले. रंग उडालेला होता, सीटचे रेक्झिन फाटले होते. त्याची मला फिकीर नव्हती.

खरे काम सीटखाली होते. तिथे ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट तयार होतात. अंगठी आणि घड्याळ काढून, गॉगल लावून, ‘टो’चा, म्हणजे गाडी ओढून नेताना वीज तोडण्याचा, खटका पाडून आम्ही सर्व जोडण्या सोडवल्या. टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, तेव्हा तो बराच वेळ फसफसत राहिला. आधीच्या दिवशी गाडी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, चोवीसही कप्पे तपासले होते. चांगल्या कप्प्यात आम्लाची घनता पाण्याच्या १.२७ पटीच्या पुढे जायला हवी. काही कप्पे तिथवर पोहोचले, पण दोन बॅटऱ्यांमधले कप्पे फार खाली राहिले. जावयांनी विचारले, “बाबा, दोनच बदलल्या तर?” मी नको म्हटले. एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांमधून प्रवाह सारखाच जातो. नव्या आणि दमलेल्या बॅटऱ्या एकत्र ठेवल्या की दमलेल्या आधी संपतात, चार्ज करताना समतोल बिघडतो आणि नव्यांचेही आयुष्य कमी होते. सहाही नव्या घेतल्या. लिथियम बॅटऱ्यांचा मोह होता, कारण शिशाच्या या सहा बॅटऱ्यांचेच वजन दीडशे किलोंच्या वर जाते. पण किमतीतला फरक पाहता आणि गाडी घराजवळच उभी राहणार असल्यामुळे शिसेच बरे, असे मला वाटते.

२८ सप्टेंबर

या आठवड्यात केबल बदलल्या. लोक सहसा सहा इंच उंची वाढवण्याचे किट, मोठे टायर आणि रानातल्या पानांची नक्षी यांवर पैसे खर्च करतात आणि वीस वर्षांच्या केबल तशाच ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. चढावर ही मोटर शंभराहून अधिक अँपिअर ओढते. समजा १५० अँपिअर चालू आहेत आणि गंजलेल्या एका जोडणीचा रोध फक्त एक शतांश ओहम आहे. तरी त्या एका जागी दीड व्होल्ट गळतात आणि सव्वादोनशे वॅटची उष्णता तयार होते. अशी जागा बॅटरीच्या टर्मिनलला लागून असली तर शिसे वितळते आणि गाडी अंधारात, घरापासून दूर, उभी राहते. गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी ती वेळ फार वाईट. म्हणून आम्ही जाड, चार गेजच्या केबल घेतल्या, त्यांच्या टोकांचे धातूचे लग नीट दाबून बसवले आणि सोलेनॉइडचे, म्हणजे मोटरचा प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या खटक्याचे, कॉन्टॅक्टही मल्टिमीटरने तपासले.

उंची वाढवली नाही. उंच गाडीत चढायला व्याह्यांना त्रास होईल, शिवाय गुरुत्वमध्य वर गेला की तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. टायरची नक्षी खोल घेतली, आकार मूळ आकाराच्या जवळच ठेवला. मोठे चाक लावले की त्याच मोटरला चढावर अधिक प्रवाह ओढावा लागतो. मागे मात्र दणकट स्प्रिंगचे पाटे बसवले, कारण तिथे लाकडी फळी येईल आणि परतताना त्यावर एखादे हरिण असेल. छताच्या डाव्या खांबाला धरायचा आडवा दांडा लावला. सर्व कामांतले हे सर्वात स्वस्त आणि, माझ्या मते, त्यांच्यासाठी सर्वात मोलाचे.

लेकीने दोन गोष्टी बजावल्या आणि त्या मी इथे लिहून ठेवतो. गाडीत बसताना बंदूक रिकामी असेल, आणि नारिंगी जाकिटे सीटमागच्या पेटीतच राहतील, म्हणजे घाईत विसरणार नाहीत. बंदुकीच्या हंगामात हरणांची शिकार करताना जॉर्जियात कंबरेच्या वर किमान ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी रंग घालावाच लागतो.

डीएसला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि उजव्या बाजूचे ब्रेक शू झिजलेले निघाले. ते बदलून झाले की मागे वाळूची पोती टाकून टेकडीवर नेऊन व्होल्टेज किती खाली येते ते पाहायचे आहे. बॅटऱ्यांतले पाणीही चार्जिंग पूर्ण झाल्यावर पाहून, लागल्यास डिस्टिल्ड वॉटर घालायचे आहे. ही तपासणी होईपर्यंत किल्ली माझ्याकडेच राहील, असे व्याह्यांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले.